खाड्या ओलांडत गावाकडे

पहिला दिवस (माघ शुद्ध चतुर्थी) : पुणे ते श्रीवर्धन

सार्वजनिक बांधकाम खात्यात सदतीस वर्षे नोकरी करून मी २०१७ साली उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. त्यांतली बहुतेक वर्षे पुलांच्या कामावर गेली आणि ते सारे पूल घाटावरच्या आणि विदर्भातल्या नद्यांवर होते. माझे गाव मात्र रत्नागिरी जिल्ह्यात, मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या खाडीच्या काठी आहे. बदलीसाठी पसंतीची ठिकाणे विचारली जात, तेव्हा त्या तीन ओळींत मी एकदाही रत्नागिरी लिहिले नाही. कोणी कारण विचारले असते, तर मुलांच्या शाळेचे सांगितले असते. खरे असे की वडिलांच्या मागे भावांनी आणि मी मिळून घर विकले, मी कागदांवर फार घाईने सह्या केल्या, आणि त्यानंतर चाळीस वर्षे तिकडे पाऊल टाकले नाही.

यंदा जायचे ठरले, तेव्हा मी महामार्ग टाळून किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्याचा बेत केला. आमच्या सौभाग्यवतीला तो पटला नाही. "अहो, सरळ गेलो तर एका दिवसात पोचतो की आपण," असे तिचे म्हणणे होते आणि ते बरोबरच होते. पण सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी कोकणच्या किनाऱ्याला एक खाच पाडून समुद्रात उतरते, आणि आमच्या लहानपणी जवळ काय आणि दूर काय हे त्या खाचांवरून ठरत असे, मैलांवरून नव्हे. चार मैलांवरचे गाव खाडीपलीकडे असेल तर ते परमुलूख आणि दहा मैलांवरचे अलीकडे असेल तर ते शेजारचे. या खाड्या आता कुठे पुलाने, कुठे फेरीबोटीने ओलांडता येतात, आणि त्या एकेक करून ओलांडत गावात शिरावे अशी माझी इच्छा होती.

पौडमार्गे मुळशीच्या जलाशयाच्या काठाने आम्ही ताम्हिणी घाटाला लागलो. शंभर वर्षांपूर्वी याच धरणात जमिनी जाणार म्हणून मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता; धरण तरीही झाले, आणि आज त्याच्या काठावर सुट्टीच्या दिवशी गाड्या लावायला जागा मिळत नाही. घाटात गाडी सौभाग्यवतीने चालवली. तिने पन्नाशीनंतर गाडी शिकली असली तरी वळणावर ती माझ्यापेक्षा शांत असते, आणि मी चालक नसलो की मला मोऱ्यांची तोंडे आणि संरक्षक भिंती मोकळेपणाने पाहता येतात. माणगावला महामार्ग ओलांडून म्हसळ्याच्या रस्त्याने दुपारी श्रीवर्धनला पोचलो.

तिथे तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहातला माझा खोलीमित्र राहतो. तीन वर्षे आम्ही एका स्टोव्हवर चहा केला. त्याने नोकरी लवकर सोडली आणि वडिलोपार्जित वाडी पाहू लागला. श्रीवर्धनी सुपारी तिच्या मऊपणामुळे नावाजलेली आहे. त्याच्या सव्वा एकरात सुमारे चारशे पोफळी होत्या, मधूनमधून नारळ, पोफळीवर चढवलेले मिरीचे वेल आणि सावलीत जायफळ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच भागात किनाऱ्याला धडकले. दुपारच्या काही तासांत चारशेतल्या साठच पोफळी उभ्या राहिल्या. मला वाटले होते की नुकसान म्हणजे पडलेली झाडे, परंतु त्याने वाडीत फिरवून दाखवले ते वेगळेच होते. पोफळी पडल्यावर वरचे छप्पर गेले आणि जी जायफळाची झाडे वादळातून वाचली होती ती पुढच्या दोन उन्हाळ्यांत उन्हाने करपली. पडलेली खोडे वाडीबाहेर काढायला माणसे मिळेनात, कारण प्रत्येकाच्या वाडीत तेच काम होते. नवी रोपे लावली, तरी पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षे घेते. साठी उलटलेल्या माणसाने पोफळ लावणे हा प्रकार हिशेबात बसत नाही, असे मी बोलून गेलो. तो म्हणाला, "तुझ्या पुलांचं आयुष्य किती धरता रे तुम्ही?" मी शंभर वर्षे म्हणालो. "मग मला काय विचारतोस?"

रात्री त्याच्या पडवीत बसून आम्ही वसतिगृहातल्या मुलांची नावे आठवत होतो. अठ्ठावीस आठवली. त्यांतले नऊ आता नाहीत, हे त्याच्याकडून कळले. मला पाचच ठाऊक होते.

दुसरा दिवस (पंचमी) : श्रीवर्धन ते हर्णे

सकाळी हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन बागमांडल्याच्या धक्क्यावर आलो. समोर सावित्रीची बाणकोट खाडी आणि पलीकडे रत्नागिरी जिल्हा. भरती-ओहोटी काढण्याची एक जुनी रीत कोळ्यांच्या पोरांना तोंडपाठ असते: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता सुमारास पूर्ण भरती. पंचमीची पाऊणपट पावणेचार, म्हणून पावणेदहाला ओहोटी. आम्ही साडेनऊला पोचलो तेव्हा पाणी खरोखरच तळाला गेले होते आणि धक्क्याचा शेवाळलेला उतार उघडा पडला होता. ही रीत मला कोणी शिकवली ते पुढे येईलच.

फेरीबोटीचा पुढचा झडपा उताराला टेकला, तीन गाड्या, एक टेम्पो आणि दहा-बारा दुचाक्या आत शिरल्या आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे वेशवीला उतरल्या. खाडीत अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब उभे आहेत. बोटीवरच्या एका बाईंनी त्यांच्याकडे पाहून "कधी व्हायचा हा देव जाणे" असे म्हटले आणि सौभाग्यवतीने सहेतुक माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. खाडीतला पूल नदीतल्या पुलासारखा नसतो. गाळ खोल असतो, पायाला धर सापडेपर्यंत फार खाली जावे लागते. पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलते. आणि खारी हवा काँक्रीटच्या बारीक भेगांतून आतल्या सळईपर्यंत पोचली की सळई गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट आतून ढकलून पाडते. हे सारे त्या बाईंना सांगण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांना पलीकडच्या दवाखान्यात जायचे होते.

याच सावित्रीवर वर महाडजवळ ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्याही गेल्या. मी तेव्हा नोकरीच्या शेवटच्या वर्षात होतो. त्या पावसाळ्याचे उरलेले दिवस आम्ही आमच्या विभागातल्या जुन्या पुलांच्या खाली दोऱ्या बांधून उतरण्यात घालवले. पूर आलेला असताना पायाजवळची माती किती खरवडली गेली आहे हे वरून दिसत नाही, आणि पूर ओसरला की खड्डा पुन्हा गाळाने भरून सारे ठीक दिसते. अजूनही पुलावर गाडी चढली की मी आधी खाली पाहतो.

केळशी, आंजर्ले करीत उन्हे कलताना हर्ण्याला आलो. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल आहे. तो कधी आला आणि कधी संपला हे सौभाग्यवतीच्या लक्षातही आले नाही. हर्ण्याच्या बंदरात संध्याकाळचा मासळीचा लिलाव चालू होता. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, इकडे किनाऱ्यावर कनकदुर्गावरचे दीपगृह, आणि मध्ये वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे वाटे मांडून बसलेल्या बाया. लिलाव पुकारणाऱ्याचे आकडे मला निम्मेच कळत होते. एकीने सौभाग्यवतीला विचारले, "ताई, घेणार की नुसत्या बघणार?" आमच्याकडे रांधायची सोय नाही असे सांगताच तिचा आमच्यातला रस संपला.

तिसरा दिवस (षष्ठी) : हर्णे ते गुहागर

या दिवसाबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. मुरुडला महर्षी कर्व्यांच्या गावातून दापोलीला गेलो, तिथे कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून मिरीची चार रोपे घेतली (ती श्रीवर्धनच्या मित्राला दाखवल्यावर तो हसेल हे माहीत असूनही), आणि दाभोळला उतरलो. दाभोळ हे एके काळी बहमनी राज्याचे मोठे बंदर होते. आज धक्क्यालगत एक घुमटाची देखणी दगडी मशीद आणि फेरीबोटीची रांग एवढेच बाहेरच्याला दिसते. ही वाशिष्ठीची खाडी. कोयनेच्या धरणातले पाणी वीज करून झाल्यावर पश्चिमेकडे याच वाशिष्ठीत सोडले जाते, त्यामुळे वर चिपळूणजवळ ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते. कोकणातल्या बहुतेक नद्यांच्या वाट्याला हे भाग्य नाही. एरवी साडेतीन-चार महिने धो धो पाऊस आणि एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी कळशी घासणे हीच रीत.

गुहागरला सरळ, लांबच लांब किनाऱ्यावर संध्याकाळी दोन तास चाललो. इथे माझ्या शाळेच्या वर्गातली एक मैत्रीण राहते. ती शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे आणि आमच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप समूह तिनेच जमवला. १९७५ साली दहावीच्या नव्या शालान्त परीक्षेची पहिली तुकडी आमची. त्या वर्गातले एकवीस जण समूहावर आहेत. मी तिला गावखडीच्या, म्हणजे आमच्या खाडीच्या पलीकडच्या काठावरच्या, बालमित्राबद्दल विचारले. ती म्हणाली, "तो समूहावर नाही, त्याच्याकडे साधा फोनही नाही. पण मुलाचा नंबर आहे. तू येतोयस हे मी कळवलंय." मग थोडे थांबून म्हणाली, "तू मागे का नाही आलास रे एकदाही?" मी मुलांच्या शाळेचे सांगितले. तिने मुलांची वये विचारली. एक चाळीस, एक सदतीस.

चौथा दिवस (रथसप्तमी) : गुहागर ते गाव

तवसाळ ते जयगड ही शास्त्री नदीची खाडी, वाटेतली शेवटची फेरीबोट. जयगडच्या बाजूला किल्ला आणि दीपगृह, आणि त्यांच्या मागे औष्णिक वीज केंद्राची चिमणी. जुन्या चित्रातला किनारा पाहायला आलेल्याला ती चिमणी खुपेल. मला खुपली नाही, बोटीवरचा तरुण खलाशी तिथल्या पगारावर बहिणीचे लग्न झाल्याचे सांगत होता. मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर पाहिले. शेणाने सारवलेली जमीन, उतरते छप्पर, ओटीवरचा झोपाळा. सौभाग्यवती साताऱ्याकडची आहे, कोकणातले घर ती पहिल्यांदाच सावकाश पाहत होती आणि "तुमचंही असंच होतं का?" असे तिने विचारले. असेच होते, फक्त झोपाळा नव्हता.

गणपतीपुळ्याला माघी उत्सवाच्या गर्दीचा मागमूस अजून होता, म्हणून टेकडीची प्रदक्षिणा न करता बाहेरूनच नमस्कार केला. आरे-वारेच्या चढावरून समुद्र पाहून सर्वजण गाड्या थांबवतात, आम्हीही थांबवली. रत्नागिरीत न रेंगाळता भाट्याच्या पुलावरून काजळीची खाडी ओलांडली आणि पावसच्या रस्त्याला लागलो.

इथून पुढे माझी स्मृती मला फसवू लागली. वळण येईल असे वाटे तिथे रस्ता सरळ, आणि सरळ वाटे तिथे चढ. कातळावरचा रस्ता रुंद करताना जुनी वळणे कापून टाकलेली होती. हे मला रस्त्याच्या कडेच्या कापाकडे पाहताच समजायला हवे होते. पायी सात मैल वाटणारा टप्पा गाडीने दहा मिनिटांत संपला. पूर्णगडाचा चिमुकला किल्ला दिसला, त्याच्या पायथ्याची खाडी दिसली, आणि सव्वापाचचे भरतीचे पाणी काठोकाठ भरले होते.

घर उभे आहे. आता ते मुंबईत राहणाऱ्या एका कुटुंबाचे आहे, जे गणपतीत आणि मे महिन्यात येते. शेजारच्या काकूंनी किल्ली नसल्याचे सांगितले आणि कुंपणाच्या आत जायला हरकत नाही असेही सांगितले. कौलांच्या जागी निळा पत्रा आहे. खळ्यात फरश्या बसवल्या आहेत. पायरीचा जांभा चिरा मात्र तोच, मधोमध झिजून ताटलीसारखा खोलगट झालेला. वडील रोज सकाळी त्यावर बसून शाळेच्या हजेरीचे काम करीत. मागे विहीर आहे, रहाट गेला आहे, पंपाचा पाइप आहे. फणसाच्या जागी काही नव्हते. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. काकूंनी हाक मारली ती चहासाठी नव्हती. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईंनी लावलेली अबोली माझ्याकडे आहे. घर रिकामं झालं तेव्हा मी उपटून नेली. न्यायची असेल तर फांदी देते." फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून मिरीच्या रोपांशेजारी ठेवली.

मुक्काम पुलापलीकडे गावखडीत एका घरगुती निवासात होता. दीडेक मिनिटात मुचकुंदी ओलांडली.

पाचवा दिवस (अष्टमी) : गावखडी, कशेळी आणि खाडी

गावखडीचा मित्र आमच्या निवासाच्या अंगणात सकाळी सात वाजताच येऊन बसला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मला पाहताच उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार साहेब. तुम्ही आलात, बरं वाटलं."

ज्याच्याबरोबर मी पहिलीपासून एका बाकावर बसलो, ज्याने मला पोहायला शिकवताना दोनदा जवळजवळ बुडवले, त्याने मला साहेब म्हणावे हे मला सहन होईना. पण "अरे, साहेब काय म्हणतोस" असे म्हटल्यावर तो नुसता हसला आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा "तुमचा प्रवास कसा झाला" असे विचारता झाला. सौभाग्यवतीला मात्र तो सहजपणे "वहिनी" म्हणत होता आणि तिच्याशी घरच्यासारखे बोलत होता.

त्याचे वडील तर, म्हणजे खाडी उतरवून देणारी होडी, चालवीत. पूल नसताना या खाडीवर एकच मोठी होडी होती; शाळा आमच्या काठावर, म्हणून गावखडीची मुले रोज तिच्यातून येत आणि तो बापाबरोबर वल्हे मारीत येई. मुलांकडून पैसे घेत नसत. गावकरी कापणीनंतर बैते म्हणून भात घालीत, परक्या उतारूंकडून आणे घेत. तिथीच्या पाऊणपटीचे गणित मला त्या तरवाल्या काकांनी शिकवले होते. आमच्या गुरुजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचा फार अभिमान वाटे आणि अपूर्णांक शिकवताना ते वर्गात तेच उदाहरण देत. १९७५ च्या जूनमध्ये मी पुण्याला निघालो तेव्हा पावसाळ्यामुळे मुंबईच्या बोटी बंद होत्या. पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीला पोचवायला हाच आला होता. त्याची शाळा आठवीत सुटली होती.

सकाळी तो आम्हाला कशेळीला घेऊन गेला, कारण रथसप्तमीपासून तिथे कनकादित्याचा उत्सव असतो. महाराष्ट्रात सूर्याची देवळे मुळात थोडी, त्यांतले हे एक. शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१ सालचा ताम्रपट या कशेळीशी निगडित आहे. मूर्ती सोमनाथकडून गलबतातून आली आणि गलबत इथल्या किनाऱ्यापाशी अडून बसले, अशी कथा आहे. देवळाचे लाकडी खांब आणि छतावरचे कोरीवकाम पाहत असताना माझा मित्र बाहेर दीपमाळेपाशी उभा राहून कोणाकोणाला माझी ओळख करून देत होता: "आमच्या गुरुजींचे चिरंजीव. मोठे इंजिनीअर. पूल बांधतात."

दुपारी जेवायला त्याच्या घरी गेलो. तांदळाची भाकरी, खाडीतल्या मुळ्यांचे (शिंपल्यांचे) सुके, सोलकढी. मुलगा रत्नागिरीत कामाला जातो, दुचाकीवरून रोज ये-जा करतो. जेवताना मी जे विचारायला आलो होतो ते विचारले: पूल झाला तेव्हा तरीचे काय झाले. तो शांतपणे म्हणाला, "काय व्हायचं? पहिल्या दिवशी बाबा तर घेऊन धक्क्यावर बसले होते. दोन माणसं आली. तीसुद्धा बाबांना वाईट वाटू नये म्हणून." मग भाकरी मोडत म्हणाला, "बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा रात्री दोन वाजता रत्नागिरीची गाडी दारात आली होती साहेब. ती पुलावरूनच आली. बाबा सात वर्षं जगले त्यानंतर. मी दोन्ही लक्षात ठेवतो." त्याच्या बायकोने आत जाऊन आणखी सोलकढी आणली. पुलाच्या आराखड्यात बंद होणाऱ्या तरीसाठी रकाना नसतो. मी इतकी अंदाजपत्रके लिहिली, पण तशी एक ओळ लिहिल्याचे मला आठवत नाही.

अष्टमीची पाऊणपट सहा. संध्याकाळी पावणेसहाला त्याने विचारले, "पाण्यात याल का?" त्याची आताची होडी फायबरची आहे, मागे इंजिन आहे, पण वल्ही ठेवलेली असतात. अष्टमीचा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असल्याने पाण्याला ओढ नव्हती. उधाणाच्या दिवशी हीच खाडी वेगळी असते. सौभाग्यवती मधल्या फळीवर बसली. मी हट्टाने वल्हे मागितले.

पहिल्या चार हातांत मला कळले की सर्व विसरलो आहे. होडी जागच्या जागी तोंड फिरवू लागली. मी जोर लावला तसे वल्हे खोल जाऊन बसले, आणि वर काढताना पाण्याचा सपकारा सौभाग्यवतीच्या साडीवर आला. मागून आवाज आला:

"अरे गाढवा, खोल कशाला घालतोस! वरच्या वर धर. मनगट फिरव, खांदा नको!"

सौभाग्यवतीने चमकून मागे पाहिले. तोही क्षणभर गप्प झाला. मी मान न वळवता वल्हे वरच्या वर धरले, मनगट फिरवले, आणि होडी सरळ झाली. "हां, असं," तो म्हणाला. "बाबांनी तुला शंभरदा सांगितलं असेल."

पुलाखालून गेलो तेव्हा सवयीने वर पाहिले. तुळईच्या कडेला काँक्रीटचा एक पापुद्रा सुटला होता, त्याच्याखाली गंजाची तांबूस रेघ. त्याने माझ्या नजरेच्या दिशेने पाहिले आणि विचारले, "वाईट आहे का रे?" मी म्हटले, आता नाही, पण लक्ष ठेवायला हवे, पावसाळ्याआधी अर्ज करायला मुलाला सांग, मी मजकूर लिहून देतो. अंधार पडेपर्यंत आम्ही पाण्यात होतो.

सहावा दिवस (नवमी) : गावखडी ते पुणे

आडिवऱ्यामार्गे राजापूर. इंग्रजांची वखार, शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये घातलेला छापा आणि दर पावसाळ्यात अर्जुना नदीचे बाजारपेठेत शिरणारे पाणी, या तिन्हींबद्दल मी सौभाग्यवतीला सांगत होतो, पण तिचे लक्ष मागच्या सीटखालच्या रोपांकडे होते. दर तासाला थांबून तिने त्यांना पाणी घातले. अणुस्कुऱ्याच्या घाटाने वर आलो. राजापूर बंदराचा माल बैलांवर लादून याच वाटेने घाटावर जाई. वर पोचल्यावर खाली पाहिले तर धुक्याशिवाय काही दिसले नाही. मलकापूर, कोल्हापूर, मग महामार्ग आणि त्यावरची अखंड चाललेली कामे. अर्जाचा मजकूर मी कराडला चहा घेताना लिहिला आणि मित्राच्या मुलाला पाठवून दिला.

घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. अबोलीची फांदी कुंडीत खोचत असताना मित्राच्या मुलाचा फोन आला. अर्ज मिळाला असे सांगून तो म्हणाला, "थांबा काका, बाबांना बोलायचंय." बराच वेळ नुसतीच खरखर ऐकू आली, फोन कानाला उलटा लावला असावा. मग त्याचा आवाज आला.

"पोचलास काय रे?"